वृत्तछायाचित्रकाराचे रीळ

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. ही परीक्षा खरी ठरते, कारण परीक्षा करणारा डावाने आपल्या मर्जीप्रमाणे कोणतेही शीत उचलतो. ते शीत भात रांधणाऱ्यानेच निवडून, पुसून, ताटलीत मांडून पुढे ठेवले, तर मग काय होईल? त्या शितावरून भाताविषयी थोडे कळेल. रांधणाऱ्याविषयी मात्र पुष्कळच कळेल. त्याला चांगले कशास म्हणतात हे समजते की नाही, आणि तो आपल्याला फसवू पाहतो की नाही, या दोन्ही गोष्टींचा उलगडा त्या एका शिताने होईल.

दूरचित्रवाणीच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवणारा माणूस नोकरी मागावयास निघाला म्हणजे त्याला असेच एक शीत निवडावे लागते. आपण आजवर टिपलेल्या शेकडो बातम्यांतून काही थोडी दृश्ये निवडून, जोडून, तो एक लहानशी चित्रफीत तयार करतो व अर्जाबरोबर पाठवतो. तिला 'डेमो रील' म्हणतात. आपण तिला नुसते रीळ म्हणू. मोबाइलवर करमणुकीसाठी जी अर्ध्या मिनिटाची चित्रे हल्ली फिरत असतात, त्यांनाही रीलच म्हणतात; पण त्यांचा येथे संबंध नाही. येथे ज्या रिळाविषयी बोलावयाचे आहे ते एका व्यवसायाचे प्रशस्तिपत्रक आहे, आणि ते पत्रक अर्जदाराने स्वतःच स्वतःला लिहून द्यावयाचे असते. त्यातच त्याची गोम आहे.

ही चाल विशेषतः अमेरिकेत रुजली. त्याचे कारण तेथील दूरचित्रवाणीच्या घडणीत सापडते. तेथे गावोगावी स्वतंत्र दूरचित्रवाणी केंद्रे आहेत, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी आपल्या परिसराच्या बातम्या देणारा स्वतःचा वृत्तविभाग असतो. प्रेक्षकांची मोजदाद करणाऱ्या नील्सन या संस्थेने साऱ्या देशाचे २१० विभाग पाडले आहेत. त्यांत पहिला क्रमांक न्यूयॉर्कचा. शेवटचा क्रमांक कित्येक वर्षे माँटाना राज्यातील ग्लेनडाइव्ह नावाच्या चिमुकल्या गावाकडे राहिला आहे. नव्या माणसाने लहान गावात उमेदवारी करावी, काही वर्षे तेथे हात बसवावा आणि मग पायरीपायरीने मोठ्या शहराकडे जावे, असा हा क्रम आहे. ज्या शहरात त्याला जावयाचे असते ते त्याच्या गावापासून हजार मैलांवरही असेल. तेथील वृत्तसंपादकाने त्याचे तोंडही पाहिलेले नसते. पदवी, वय, जुन्या मालकाची शिफारस हे सारे कागदावर असते. पण आग लागली असता हा माणूस कॅमेरा कोठे उभा करील, हे कागद सांगू शकत नाही. ते रीळ सांगते.

रीळ हे नाव पडले ते जुन्या काळामुळे. दूरचित्रवाणीच्या पहिल्या अडीच-तीन दशकांत बातम्यांचे चित्रण सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर होत असे. चारशे फुटांची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने सुमारे अकरा मिनिटांत संपे, आणि हातात धरावयाच्या लहान कॅमेऱ्यात मावणारी शंभर फुटांची फिल्म तर पुरती तीन मिनिटेही टिकत नसे. ती धुवावी लागे, वाळवावी लागे, कापून चिकटवावी लागे. त्यामुळे छायाचित्रकार बटण दाबण्यापूर्वी विचार करी. फिल्मचा प्रत्येक फूट म्हणजे पैसा व वेळ होता. १९७१ मध्ये सोनी कंपनीने यू-मॅटिक ही कॅसेट आणली आणि फिल्मची सद्दी ओसरू लागली. १९७४ मध्ये सेंट लुइस शहरातील केएमओएक्स या केंद्राने बातम्यांतून फिल्म अजिबात काढून टाकली. १९८२ मध्ये बीटाकॅम आला. कॅमेरा आणि ध्वनिचित्र-मुद्रक एकाच खांद्यावर मावू लागले. अर्जदारांची रिळे आता टपालाने जाणाऱ्या कॅसेटवर आली, पुढे तबकडीवर आली, आणि आज तर संगणकावरील एक पत्ता धाडला की काम भागते. रीळ गेले, त्याचे नाव तेवढे उरले.

या स्थित्यंतरात एक गोष्ट उलटी झाली. पूर्वी चित्रण अपुरे असे, आज ते अतोनात असते. म्हणून रीळ बांधण्याचे काम आज मुख्यतः टाकण्याचे काम झाले आहे. जे चांगले आहे ते ठेवावयाचे आणि जे बरे आहे ते टाकावयाचे, असा हा कठोर न्याय आहे. एखादे दृश्य मिळवण्यासाठी आपण रात्रभर थंडीत उभे होतो, म्हणून ते रिळात घालण्याचा मोह होतो. पाहणाऱ्याला आपली थंडी दिसत नाही. त्याला दृश्य दिसते. ते दृश्य स्वतःच्या बळावर उभे राहत नसेल, तर आपल्या कष्टांची टेकू त्याला देता येत नाही.

परीक्षकाची बाजू आधी समजून घेतली पाहिजे. एका जागेसाठी अनेक रिळे त्याच्यापुढे येतात. त्याच्या खोलीत दूरध्वनी वाजत असतो, संध्याकाळच्या बातम्यांची वेळ जवळ आलेली असते. आपल्या नाटकात पहिला अंक पात्रपरिचयासाठी, दुसरा गुंतागुंतीसाठी आणि रसाचा परिपोष तिसऱ्यात, अशी रचना चालते. कारण प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो. रिळाचा प्रेक्षक तिकीट काढून बसलेला नाही. त्याचे बोट बंद करण्याच्या बटणावर असते. म्हणून सर्वांत उत्तम काम सर्वांत आधी आले पाहिजे. सुरुवातीस नाव, गाव आणि संपर्काचा पत्ता असलेली साधी पाटी चारपाच सेकंद दाखवावी, तीच शेवटी पुन्हा दाखवावी, आणि मध्ये कामाशिवाय काही असू नये. गरगर फिरत येणारी अक्षरे आणि पाठीमागे झडणारे नगारे, यांनी परीक्षकाचा वेळ जातो आणि अर्जदाराची नोकरीही जाते.

पाटीनंतर काय असावे? प्रचारात दोन भागांची रचना आहे. प्रथम अर्ध्या-पाऊण मिनिटाची दृश्यमाला, म्हणजे निवडक सुट्या दृश्यांची गुंफण. आणि तिच्यामागोमाग तीनचार संपूर्ण बातम्या, जशा प्रसारित झाल्या तशा. दृश्यमाला ही दुकानाच्या दर्शनी काचेसारखी असते. तीत सूर्यास्त येतो, पाण्यातले प्रतिबिंब येते, ज्वाळांपुढे उभ्या असलेल्या अग्निशामकाची काळी आकृती येते. ती डोळ्यांना सुखावते. पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, असे या व्यवसायातील जुनी माणसे सांगतात, आणि ते सयुक्तिक आहे. दहा वर्षांत दहा सुंदर दृश्ये कोणालाही मिळतील. दैवही तेवढे देते. दुपारी दोन वाजता हाती आलेल्या रुक्ष विषयातून सहा वाजेपर्यंत सव्वा-दीड मिनिटाची समजेल अशी बातमी उभी करणे, हे मात्र दैवाच्या हातचे नाही. ते कौशल्य संपूर्ण बातमीतच दिसते. दृश्यमाला अजिबात नसली तरी चालेल, पण संपूर्ण बातम्या नसलेले रीळ म्हणजे दर्शनी काच असून आत दुकान नसण्यासारखे आहे.

हे कौशल्य नेमके कशात असते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका घराला आग लागली आहे. नवखा माणूस कॅमेरा ज्वाळांवर रोखतो आणि तसाच धरून ठेवतो. मग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवतो. घरी परतल्यावर त्याच्यापाशी पंधरा मिनिटांचे चित्रण असते आणि बातमी नसते. जाणता माणूस प्रथम दुरून एक स्थिर दृश्य घेतो : हे घर, ही गल्ली, हा धूर. मग मध्यम अंतरावरून नळी ओढणारे दोन अग्निशामक. मग अगदी जवळून एकाचे हात, नळीच्या तोटीवर आवळलेले. मग तो पाठ फिरवतो. आगीकडे पाठ फिरवणे हाच त्या दिवसाचा सर्वांत मोठा निर्णय असतो. कारण आगीच्या समोर ती पाहणारी माणसे असतात, आणि आग काय करते आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेले असते. क्रिया दाखवावी आणि तिची प्रतिक्रियाही दाखवावी, हा या कलेचा मूलमंत्र आहे. दूर, मध्यम, जवळ आणि प्रतिक्रिया अशा दृश्यांची जी साखळी होते तिला क्रममालिका म्हणता येईल. परीक्षक रिळात तिलाच शोधत असतो.

त्याच ठिकाणी दिशेचेही भान लागते. दोन माणसे बोलत असतील, तर त्यांना जोडणारी एक अदृश्य रेषा कल्पावी आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली की समोरासमोर बसलेली माणसे पडद्यावर एकाच दिशेला तोंड करून बसल्यासारखी दिसतात आणि पाहणारा गोंधळतो. हे नियम नीट पाळले म्हणजे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मोडले की चटकन डोळ्यांना टोचतात. प्रकाशाचे तसेच आहे. खोलीतला दिवा पिवळसर आणि खिडकीतून येणारे ऊन निळसर; या दोहोंचा मेळ घालून कॅमेऱ्याला पांढरे म्हणजे काय ते आधी समजावून द्यावे लागते. ते न केल्यास मुलाखत देणारा गृहस्थ कावीळ झाल्यासारखा किंवा काळानिळा पडल्यासारखा दिसतो.

आणि ध्वनी! चित्रकाराच्या रिळात ध्वनीचे काय काम, असे वाटेल. परंतु निम्मे काम त्याचेच आहे. नळीतून सुटणाऱ्या पाण्याचा फूत्कार, काच तडकल्याचा आवाज, अग्निशामकाची धाप, शेजारणीने कोणाला तरी घातलेली साद, हे प्रसंगाचे स्वाभाविक ध्वनी होत. ते स्वच्छ मिळाले तर वार्ताहराची दहा वाक्ये वाचतात. निवेदकाचा शब्दही न वापरता केवळ स्वाभाविक ध्वनी आणि माणसांचे बोलणे यांवर उभी केलेली एखादी बातमी रिळात असली, तर तिचे वजन मोठे असते. कारण तेथे छायाचित्रकारच कथा सांगत असतो. आपले रीळ तपासण्याची एक सोपी रीत आहे. एकदा आवाज बंद करून ते पाहावे : नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का? एकदा डोळे मिटून ते ऐकावे : नुसत्या आवाजांवरून जागा ओळखू येते का? दोन्ही वेळा उत्तर होय असे आले, तर ते रीळ पाठवावयास हरकत नाही.

बातम्यांची निवड करताना विविधता साधावी. एक धावपळीची बातमी, जी घडत असता टिपली. एक निवांत बातमी, जीत माणसाचा स्वभाव दिसतो. एक खेळाची, कारण चेंडूच्या मागे भिंग ठेवणे हा स्वतंत्र अभ्यास आहे. आणि जमल्यास एखादी रुक्ष बातमी, नगरसभेच्या बैठकीची वा अंदाजपत्रकाची. ही शेवटची सूचना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्वाळा कोणाच्याही कॅमेऱ्यात प्रखर दिसतात. अंदाजपत्रक ज्याच्या कॅमेऱ्यात पाहण्याजोगे होते, तो माणूस संपादकाला हवा असतो, कारण आगी रोज लागत नाहीत आणि बैठका रोज भरतात. सर्व मिळून रिळाची लांबी पाचसहा मिनिटांच्या फार पुढे जाऊ नये. तीन उत्तम बातम्या आणि दोन सामान्य बातम्या यांची बेरीज पाच होत नाही. ती तीनांपेक्षाही कमी होते.

येथवर कसबाचा विचार झाला. आता सचोटीचा. रिळात खोटेपणा शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि त्यांतल्या काही अगदी निरुपद्रवी दिसतात. पहिली वाट म्हणजे दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणे. मोठ्या प्रसंगी एका केंद्राचे तीनचार छायाचित्रकार एकत्र काम करतात. अंतिम बातमीत कोणाचे कोणते दृश्य ते बाहेरच्याला कळत नाही. अशा वेळी रिळासोबत एक साधी यादी जोडावी : ही बातमी मी टिपली व संकलित केली, या बातमीतील आकाशातून घेतलेली दृश्ये माझी नव्हेत. कोणी विचारण्यापूर्वीच हे सांगणारा अर्जदार त्या एका ओळीने अधिक विश्वास मिळवतो. या व्यवसायाचे जग लहान आहे. आज ज्याचे दृश्य उचलले, तोच उद्या त्या संपादकाशेजारी बसलेला असेल.

दुसरी वाट अधिक मोहाची आहे. बातमीत मिळाली नव्हती ती टाळ्यांची लाट नंतर भरावयाची. ओसरलेल्या गर्दीस पुन्हा एकदा घोषणा द्यावयास सांगावयाचे. शोकाच्या दृश्याखाली सारंगी घालावयाची. १९४६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील वृत्तछायाचित्रकारांची राष्ट्रीय संघटना, एनपीपीए, या बाबतीत सुस्पष्ट आहे. तिच्या आचारसंहितेचा आशय असा की, मुद्दाम घडवून आणलेल्या प्रसंगांना बळी पडू नये, संकलनाने चित्राचा आशय व संदर्भ बिघडू देऊ नये, आणि पाहणाऱ्याची दिशाभूल होईल अशा रीतीने ध्वनी मिसळू वा बदलू नये. ही संघटना ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन या गावी कित्येक दशके वृत्तचित्रणाचे शिबिर भरवीत आली आहे. तेथे नवख्यांना अनुभवी माणसे शिकवतात आणि त्यांचे काम समोर बसून तपासतात. दृश्यमालेखाली संगीत घालावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. कारण ती बातमी नव्हे. परंतु संपूर्ण बातमी जशी प्रसारित झाली तशीच दाखवावी, नंतर नटवू नये. जो नोकरीसाठी रीळ नटवतो तो नोकरीत बातमीही नटवील, असा तर्क संपादकाने केला तर तो अन्यायाचा म्हणता येणार नाही.

नुसत्या प्रभावी दृश्याने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण या व्यवसायाच्या इतिहासात नमूद आहे. २६ एप्रिल १९९१ रोजी कॅन्सस राज्यातील महामार्गावर एल डोरॅडो या गावानजीक चक्रीवादळाचा सोंडेसारखा भोवरा येत असता, विचिटा येथील दूरचित्रवाणीच्या पथकाने एका पुलाच्या आडोशास, कमानीखालच्या उतारावर आश्रय घेतला. तेथे काही प्रवासीही होते. कॅमेरा चालू राहिला, सर्वजण वाचले, ती दृश्ये साऱ्या जगाने पाहिली. पथकाने जे घडले तेच दाखवले होते, त्यात खोटे काही नव्हते. परंतु ती दृश्ये पुन्हा पुन्हा, मागचापुढचा संदर्भ गळून दाखवली गेली, आणि वादळात पुलाखाली जीव वाचतो अशी समजूत लोकांत पसरली. वस्तुतः तो भोवरा तुलनेने दुबळा होता व पुलावरून नेमका गेलाही नव्हता. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात फार प्रचंड वादळे झाली तेव्हा अनेकांनी पुलांखाली धाव घेतली. तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन जण मृत्यू पावले आणि कित्येक जबर जखमी झाले. पूल वाऱ्याला अडवीत नाही; त्याच्या खालच्या चिंचोळ्या जागेत वारा आणि त्याने उडवलेले पदार्थ अधिकच घातक होतात, हे हवामानशास्त्रज्ञांना नंतर वारंवार सांगावे लागले.

रीळ बांधणाऱ्याने हा प्रसंग मनात ठेवण्याजोगा आहे. सुट्या दृश्यांच्या माळेत प्रत्येक दृश्य आपल्या संदर्भातून उपटलेले असते. ते थरारक असते, पण ते काय सांगते हे पाहणाराच ठरवतो. संपूर्ण बातमी दाखवण्याचा आग्रह हा म्हणून केवळ कसबाचा नाही. आपण टिपलेल्या दृश्याचा अर्थ आपल्याला कळला होता, आणि तो लोकांपर्यंत नीट पोहोचवण्याची जबाबदारी आपण घेतली होती, याचा पुरावा संपूर्ण बातमीतच मिळतो. अर्जदाराच्या अंगी धाडस आहे, हे थरारक दृश्याने सिद्ध होते; त्याच्या अंगी विवेक आहे हे त्याने सिद्ध होत नाही.

विवेकाची आणखी एक कसोटी दुःखाच्या दृश्यांत लागते. अपघातात मुलगा गमावलेल्या आईचा चेहरा बातमीत दाखवण्यास कदाचित कारण असेल. त्या दिवशी त्या गावाला ती हानी कळणे आवश्यक असेल. तोच चेहरा नोकरीच्या अर्जात शोभेसाठी वापरण्यास काय कारण आहे? असे दृश्य घ्यावयाचेच असेल तर त्या संपूर्ण बातमीसह घ्यावे, आणि दुरून, संथपणे, त्या माणसाचा मान राखून टिपलेले असेल तरच घ्यावे. जाणत्या संपादकाला त्या दृश्यात आईच्या अश्रूंपेक्षा कॅमेऱ्याचे अंतर अधिक दिसते. छायाचित्रकार किती जवळ गेला, केव्हा थांबला आणि केव्हा त्याने भिंग खाली केले, हे तो पाहत असतो.

कायद्याच्या बाजूचाही विसर पडू नये. नोकरीत असता केलेल्या चित्रणाचा मालक छायाचित्रकार नसतो. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार तो हक्क सामान्यतः नोकरी देणाऱ्या संस्थेचा असतो. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याचा रोखही, वेगळा करार नसल्यास, तसाच आहे. म्हणून आपल्याच कामाचा नमुना दाखवण्यापूर्वी संस्थेची संमती घ्यावी, आणि जे चित्रण प्रसारितच झाले नाही ते तर विचारल्याशिवाय बाहेर नेऊच नये. आकाशातून घेतलेल्या दृश्यांचे तसेच. अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून व्यवसायासाठी ड्रोन उडवणाऱ्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रावाचून घेतलेले देखणे दृश्य रिळात घातले तर ते अर्जदाराच्या बाजूने नव्हे, त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

आता तयारीची गोष्ट. नोकरीची जाहिरात आली म्हणजे रीळ बांधावयास बसणारा माणूस नेहमी उशीर करतो. केंद्राच्या संग्रहातून जुने काम पुसले गेलेले असते, संकलकाच्या संगणकावरून हललेले असते, किंवा तारखाच आठवत नाहीत. व्यापारी रोज रात्री रोजकीर्द लिहितो, तसे प्रत्येक आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्यातील एक चांगली बातमी संमतीने बाजूला काढावी, आणि वहीत तारीख, विषय, आपण नेमके काय केले आणि किती वेळात केले हे टिपून ठेवावे. वर्षाकाठी पन्नास बातम्या जमतात. त्यांतून पाच निवडणे हे आठवणीतून पाच शोधण्यापेक्षा फार सोपे. शिवाय ही वही चाळताना माणसाला आपली कमतरताही दिसू लागते. पन्नासांत एकही मुलाखत नीट प्रकाशात नाही, किंवा साऱ्या बातम्यांत चेहरे आहेत पण हात नाहीत, हे कळले म्हणजे पुढच्या आठवड्यात काय शिकावे तेही कळते. रीळ दुसऱ्याला दाखवण्यापूर्वी ते अशा रीतीने स्वतःला आरसा दाखवून जाते.

हा सारा विचार परदेशातला असला तरी मराठी माणसाला परका नाही. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचा स्वागतसोहळा टिपला. भारतातील वृत्तचित्रणाचा आरंभ तेथून मानतात. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आज बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे अशा ठिकाणचे तरुण, कोणी कॅमेऱ्याने तर कोणी मोबाइलने, आपल्या भागातल्या घटना टिपून वृत्तवाहिन्यांना धाडतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे काम नावाशिवाय प्रसारित होते आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाते. ज्यांच्या कामावर नाव नसते, त्यांनी तर आपल्या कामाचा नमुना विशेष जपून ठेवला पाहिजे. मोठ्या शहरातल्या संपादकाला इंदूरच्या गल्लीत उभ्या असलेल्या माणसाची पारख करावयाची झाली, तर त्याच्याजवळही तेवढेच साधन आहे.

रीळ पाहून झाल्यावर संपादकाच्या मनात शेवटी एकच प्रश्न उरतो. रात्री दोन वाजता दूरध्वनी वाजला, सोबत वार्ताहर नाही, पाऊस पडतो आहे, आणि कोठेतरी माणसे संकटात आहेत. अशा वेळी याला एकट्याला पाठवून मी निश्चिंत झोपू शकेन का? याचे उत्तर सूर्यास्ताच्या दृश्यातून मिळत नाही. स्थिर धरलेल्या कॅमेऱ्यातून, स्वच्छ ऐकू येणाऱ्या शब्दातून, आगीकडे पाठ फिरवून टिपलेल्या चेहऱ्यातून आणि सोबतच्या यादीतील 'हे माझे नव्हे' या प्रांजळ ओळीतून ते मिळते. रीळ बांधावयास बसलेल्या तरुणाने हा प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवावा, आणि जे दृश्य त्याचे उत्तर देत नाही ते, कितीही लाडके असले तरी, काढून ठेवावे.